आंभोऱ्याहून शिडाच्या होडीनं, माझ्या बुडालेल्या गावावरून

जानेवारीतल्या रविवारी सकाळी साडेआठला आम्ही दोघांनी आंभोऱ्याच्या घाटावरून होडी पाण्यात लोटली. हे 15 वर्षं नौदलात होते. परत येऊन धानाची शेती करतात, पण पाणी काही सुटलं नाही. आमची होडी फायबरची, 12 फुटी. एक शीड, दोन वल्ही आणि तळातून खाली सोडायची लाकडी पाटी, एवढाच सरंजाम. ती पिकअपवर टाकून आणली. नागपूरहून येणाऱ्यांना कुही, वेलतूर असा सुमारे 70 किलोमीटरचा रस्ता आहे. भंडाऱ्याहून आलात तर वैनगंगेवरच्या नव्या केबलच्या पुलानं थेट चैतन्येश्वर मंदिराच्या टेकडीच्या पायथ्याशी उतरता.

आंभोऱ्याला वैनगंगेत कन्हान, आम, मुर्झा आणि कोलारी येऊन मिळतात. पुढं गोसेखुर्दच्या भिंतीपर्यंत सगळा फुगवटा आहे. या धरणाची पायाभरणी 22 एप्रिल 1988 ला राजीव गांधींच्या हस्ते झाली, तेव्हा मी शाळेत होते. पाणी चढलं ते पुष्कळ वर्षांनी, आणि माझं माहेर त्यात गेलं. घर, गोठा, धानाच्या बांध्या, आमराई, सगळंच. भाऊ आता पुनर्वसनाच्या गावात राहतो. माहेरावरून होडी न्यायची हे माझ्या मनात कधीपासून होतं. यांना मी ते त्याच आठवड्यात बोलून दाखवलं.

घाटावर एक म्हातारे ढिवरबाबा डोंग्यात जाळं आवरत होते. आमचं शीड पाहून म्हणाले, "भाऊ, जातानी मजा येईन. येतानी वारा तोंडावर घ्यान. दहा वाजता वापस फिरा." आम्ही मान हलवली आणि निघालो.

पहिला तास वारा जवळजवळ नव्हताच. टेकड्यांच्या आडोशाला पाणी आरशासारखं पडलं होतं, शीड लोंबत होतं, म्हणून वल्ह्यांवर गेलो. इथं एक गोष्ट ध्यानात ठेवा. टेकडीचा आडोसा संपतो तिथं वारा एकदम येतो. शिडाची दोरी खुंटीला पक्की बांधू नका, हातातच ठेवा. यांनी मला ती धरायला दिली होती, आणि पहिला झोत आला तेव्हा ढील देता आली म्हणूनच होडी फार कलली नाही.

मग मात्र होडी पळाली. हिवाळ्यात इकडं वारा बहुतेक ईशान्येकडून येतो, त्यामुळं आंभोऱ्याहून खाली जाताना तो मागून, डाव्या अंगानं मिळतो. पाण्याचा तो एकसारखा खळखळाट होडीच्या तळातून पायांना कळत होता. वाळलेल्या काळ्या झाडांवर पाणकावळे पंख पसरून बसले होते.

ती काळी झाडं दिसू लागली तशी मी पुढं जाऊन बसले. दिसतात ती झाडं सोपी, चुकवता येतात. धोका पाण्याखाली वीतभर लपलेल्या खुंटांचा आहे. धरण 245.5 मीटरपर्यंत भरतं. पातळी थोडी उतरली की कुठला खुंट कुठं आला हे कोणत्याच नकाशावर सापडत नाही. पण मला माहीत होतं. काठावरचा तो उंचवटा म्हणजे आमच्या गावाचा पांढरीचा टेकाड, त्याच्या अंगानं गाडीरस्ता, रस्त्याच्या उजवीकडं मोहाची झाडं, डावीकडं नुसत्या बांध्या. मी म्हणाले, "अहो, डावीकडून घ्या, उजवीकडं मोहं आहेत." यांनी पाटी वर ओढली, सुकाणू वळवलं, आणि दहा-पंधरा हातांवर पाण्यातून एक शेंडा नुसता टोकानं डोकावलेला दिसला.

हे समुद्रावर इतकी वर्षं काढलेले, तरी त्या दिवशी तासभर मी सांगेन तसे चालले. "आता शाळा. आता पाटलांची विहीर. थांबा, आता आमचं आंगण." तिथं यांनी शीड उतरवलं. पाणी हिरवट, आत काही दिसत नव्हतं. मी हात घातला तर थंडगार लागलं. आंगणात उभी असताना जो डोंगर समोर दिसायचा, तो तसाच समोर होता. डबा तिथंच उघडला: तांदळाच्या भाकऱ्या, वांग्याचं भरीत, भिवापुरी मिरचीचा ठेचा.

कोणी या बाजूला होडी घेऊन येणार असेल तर माझं कळकळीचं सांगणं आहे. आधी एखाद्या पुनर्वसित गावात जा. जुन्या माणसांजवळ बसा, आमराई कुठं होती, विहिरी कुठं, विजेच्या तारा कुठून गेल्या होत्या, ते विचारा. ते हातानं काढून दाखवतात. चहा न पाजता कोणी सोडणार नाही, तेवढा वेळ धरून चला.

निघता निघता साडेबारा झाले. ढिवरबाबांचा शब्द तंतोतंत खरा ठरला. वारा वाढला होता आणि आता तोंडावर होता. नागमोडी वळणं घेत जायचं तर खुंटांमुळं जागा नाही. शेवटी शीड गुंडाळलं आणि वल्ही मारत भंडाऱ्याच्या बाजूच्या काठाला लागलो. वारा त्याच काठावरून येतो, म्हणून तिथं लाटा लहान असतात. मधोमध राहिलो असतो तर अंधार पडला असता. जायला दीड तास, यायला सव्वातीन. तळहाताला फोड आले. दहाला परत फिरायचं होतं.

पावसाळ्यात होडी आणूच नका. गोसेखुर्दचे 33 दरवाजे कमी-जास्त उघडतात आणि वर पेंच धरणातून सोडलेलं पाणी कन्हाननं इथंच येतं. धरणाच्या भिंतीकडं कोणत्याही ऋतूत जायचं नाही, आणि स्वतःची होडी घालण्याआधी जलसंपदा विभागाच्या कार्यालयात परवानगीचं विचारायचं. लाइफ जॅकेट अंगात हवं, होडीत ठेवलेलं नको. ढिवरांच्या जाळ्यांवर थर्माकोलचे किंवा प्लास्टिक बाटल्यांचे तरंगे असतात. ते दिसले की लांबून वळा, त्यांचं पोट त्यावर आहे. कन्हानच्या तोंडाशी जलपर्णी वल्ह्यांना गुंडाळते. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून त्याच वाटेनं येतं, तेव्हा ते पाणी तोंडात जाऊ देऊ नका आणि घरी गेल्यावर साबणानं हातपाय धुवा.

पावणेचारला घाटाला लागलो. ढिवरबाबा तिथंच होते. काही बोलले नाहीत, होडी ओढायला हात दिला आणि आम्ही झिंगे मागितले तेव्हा पानात बांधून दिले.

मे महिन्यात पाणी उतरलं की पाटलांच्या विहिरीचा कठडा वर येतो, असं भाऊ सांगतो. तेव्हा होडी घरीच ठेवून काठाकाठानं पायी जायचं आम्ही ठरवलंय. चिखल गुडघ्याएवढा असतो, काठी बरोबर घ्यावी लागेल.