बेरीज वीसच

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी मनोगत पाठवा, असे समितीचे पत्र आले आणि मला थेट मागची पत्र्याची कार्यशाळा आठवली. स्नेहसंमेलने, सहली आणि प्रार्थनेची घंटा यांवर इतरांनी लिहिलेच असेल. मी सरांविषयी लिहिणार आहे, आणि त्यातही एकाच दुपारविषयी. कार्यशाळेचे सर म्हटले की कोण, हे आपल्यापैकी कोणालाही सांगावे लागणार नाही.

नववीत आम्हाला डिफरन्शियल, म्हणजे गाडीच्या दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी दंतचक्रांची जोडणी, शिकायचे होते. सरांनी फळ्यावर आकृती काढण्याआधी आम्हाला मैदानावर नेले आणि चुन्याने एकाच केंद्राभोवती दोन वर्तुळे आखायला लावली, दोन्हींमधले अंतर 1.4 मीटर, म्हणजे साधारण गाडीच्या दोन मागच्या चाकांमध्ये असते तेवढे. बाहेरचे वर्तुळ आतल्यापेक्षा 8.8 मीटरने लांब भरले. मग त्यांनी तेच अंतर ठेवून दोन्ही वर्तुळे बरीच मोठी काढायला सांगितली, आणि फरक पुन्हा 8.8 मीटरच आला. वळण मोठे असो की लहान, गाडी काटकोनात वळली की बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा 2.2 मीटर जास्त चालावे लागतेच. दोन्ही चाके एकाच अखंड आसावर जखडली असतील, तर तेवढे अंतर कोणत्या तरी टायरला घासत काढावे लागते. एवढे हाताने मोजून झाल्यावर सरांनी आम्हाला कार्यशाळेत नेले.

तिथे मोडीत निघालेल्या जीपचा मागचा ॲक्सल, चाकांसकट, दोन लोखंडी घोड्यांवर चढवलेला होता आणि पिनियनच्या, म्हणजे इंजिनाकडून फिरणाऱ्या छोट्या दंतचक्राच्या, टोकाला हाताने फिरवायचा दांडा बसवलेला होता. पिनियनला 10 दाते, ते ज्याला फिरवते त्या मोठ्या दंतचक्राला, क्राउन व्हीलला, 41. म्हणजे दांड्याच्या 41 फेऱ्यांत क्राउन व्हीलच्या 10 फेऱ्या व्हायच्या. माझ्याकडे उजवे चाक होते, माझ्या बाकावरच्या मित्राकडे डावे. टायरवर खडूची खूण करून फेऱ्या मोजायच्या होत्या. दोन्हीकडे दहा-दहा येणार हे मी मनात ठरवूनच बसलो होतो. माझ्याकडे 12 आल्या. मी चुकलो असे वाटून घाबरलो आणि सरांना ‘दहा’ असे खोटेच सांगितले. मित्र प्रामाणिक निघाला; तो म्हणाला, ‘आठ.’ सर माझ्याकडे पाहत म्हणाले, ‘तुझ्या दहा असतील तर याचे गिअर तुटलेले आहेत. खरे सांग.’ मी बारा म्हणालो, तेव्हा ते एवढेच बोलले, ‘बेरीज कर.’

मित्राच्या चाकाचे बेअरिंग थोडे जड होते, त्यामुळे त्याचे चाक मागे राहिले आणि जेवढे ते मागे राहिले तेवढेच माझे पुढे गेले. नंतर सरांनी त्याला चाक घट्ट धरायला लावले. माझ्याकडे नेमक्या 20 आल्या. शेवटी त्यांनी दांडा स्वतः धरला आणि माझे चाक पुढे फिरवायला सांगितले, तर मित्राचे चाक तेवढेच उलटे फिरले. क्राउन व्हीलला जखडलेली पेटी, तिच्यातल्या पिनेवरची छोटी दंतचक्रे आणि त्यांना दोन्ही बाजूंनी भिडलेली, एकेका चाकाकडे जाणाऱ्या अर्ध्या आसांवरची दंतचक्रे, हे सगळे त्यांनी त्यानंतर उघडून दाखवले. सरळ रस्त्यावर ती छोटी चक्रे स्वतःभोवती फिरतच नाहीत, पेटीबरोबर नुसती वाहून नेली जातात. वळणावर मात्र ती पिनेवर फिरतात आणि एका बाजूला कमी झालेला वेग दुसऱ्या बाजूला देतात. ही युक्ती मोटारीच्याही आधीची आहे, हेही त्यांनीच सांगितले: 1820 च्या दशकात पेकर या फ्रेंच घड्याळजीने वाफेच्या गाडीसाठी तिचे पेटंट घेतले आणि 1877 मध्ये जेम्स स्टार्ली यांनी ती तीनचाकी सायकलीला बसवली.

माझ्या मते क्रमिक पुस्तके याबाबतीत अर्धेच सांगतात. वेग वेगळे करणे हे डिफरन्शियलचे एक काम झाले. पण ते जोर दोन्ही चाकांना सारखाच वाटते, तराजूच्या दांडीसारखा. एक चाक चिखलात घसरले की त्याला फिरायला जेमतेम जोर लागतो, म्हणून कोरड्या जमिनीवरच्या दुसऱ्या चाकालाही तेवढाच जेमतेम जोर मिळतो, आणि गाडी जागच्या जागी चिखल उडवत बसते. त्यासाठीच ट्रॅक्टरला दोन्ही चाके एकत्र जखडणारा डिफरन्शियल लॉक असतो. नोकरीच्या पहिल्या वर्षी तो लॉक सोडायला विसरून मी ट्रॅक्टर कडक जमिनीवर वळवला आणि एका बाजूचा आस पिळून तोडला. सरांनी ही सूचना दिली होती. मी ती वहीतही लिहून घेतली होती.

आज मी इंजिनाच्या जोरावर स्वतः चालणाऱ्या छोट्या यंत्रांच्या गिअरपेट्या तयार करतो. बसून चालवायच्या गवतकापणी यंत्रात छोटे डिफरन्शियल असते. मागून चालत चालवायच्या यंत्रात बहुधा प्रत्येक चाकात सायकलच्या फ्रीव्हीलसारखा खटका बसवून भागते, कारण बाहेरचे चाक पुढे पळायला मोकळे राहते. पॉवर टिलरला दोन्ही चाकांसाठी वेगळे क्लच असतात; सपाटीवर डावा क्लच दाबला की यंत्र डावीकडे वळते, पण उतार उतरताना तोच दाबला तर ते चक्क उजवीकडे वळू शकते, कारण मोकळे झालेले चाक उताराने पुढे धावते. नवे अभियंते पडद्यावर सुंदर चित्रे फिरवून दाखवतात, तरी पहिल्या दिवशी मी त्यांच्या हातात खडू देतो.

कार्यशाळेच्या जागी आता संगणक कक्ष झाला आहे असे ऐकतो. झाला असेल, वाईट मात्र वाटले. तो ॲक्सल भंगारात गेला नसेल, तर समारंभाच्या दिवशी तेवढा बाहेर काढून दोन घोड्यांवर ठेवावा, ही समितीला विनंती. गिअर ऑइल मी घेऊन येतो. डावे चाक माझ्या मित्राने धरावे. त्याचे बेअरिंग बदलायचे राहिले होते.