संदर्भ कुठून आणू?

"सर, हे आमच्या गावात सगळ्यांना माहीत आहे. संदर्भ कुठून आणू?"

मराठी विकिपीडियावर अलीकडील बदल तपासताना आज, लेखाला संदर्भ मागितल्यावर एका नव्या सदस्याने दिलेलं हे उत्तर वाचलं आणि तिथेच अडकलो.

त्याचा पहिलाच लेख, गावच्या जत्रेवर. "आमचं ग्रामदैवत अत्यंत जागृत" अशी सुरुवात. पण पुढे पालखी कुठल्या वाटेने जाते, मानाची काठी कोणत्या वाडीची, पहिला नारळ कोणाचा, हे इतक्या बारकाईने लिहिलंय की दुसरं कोणी लिहूच शकणार नाही. असं पान काढून टाकायला दोन क्लिक पुरतात.

लेखातल्या माहितीला पडताळता येईल असा संदर्भ हवा, हा नियम मला मान्यच आहे. पडताळता येत नाही ते ठेवलं, तर उद्या प्रत्येक पुढाऱ्याचं चरित्र येईल. (तशी येतातही.) पण आपल्या गावांबद्दल छापलेलं असतं तरी किती? गॅझेटियरमध्ये मिळाली तर एखादी ओळ, स्थानिक दैनिकात जत्रेची चौकट. बाकी सगळं म्हाताऱ्यांच्या तोंडी.

लेख काढला नाही, त्याच्या धूळपाटीवर (सदस्याच्या कच्च्या मसुद्याच्या पानावर) हलवला. देवस्थानची स्मरणिका, पेपरातलं कात्रण, काहीही चालेल असं लिहिलं. अजून उत्तर नाही. पहिलाच लेख उडाला की माणसं पुन्हा फिरकत नाहीत, हे बऱ्याचदा पाहिलंय. हा परत यावा असं फार वाटतंय.

तुमच्या गावच्या जत्रेबद्दल कुठे काही छापलेलं आहे? घरात जुनी स्मरणिका असेल तर सांगाल?