डब्यातून आणलेली कॅडिलॅक

माझ्या गाडीत बसणारा कधी ना कधी विचारतोच, "काका, हे अमेरिकन गाणं सारखं का लावता?" परवा पुतण्याने विचारलं आणि स्वारगेट येईपर्यंत माझं सांगून झालं नाही. तुम्हीही विचारलंत म्हणून आता नीट सांगतो.

गाणं अमेरिकन गायक जॉनी कॅशचं, 'वन पीस ॲट अ टाइम', म्हणजे एका वेळी एक भाग, १९७६ सालचं. लिहिलं वेन केम्पने. अमेरिकेत कंट्री, म्हणजे तिथल्या ग्रामीण ढंगाच्या, गाण्यांच्या यादीत ते पहिल्या नंबरावर गेलं. कॅश ते गातो कमी, सांगतो जास्त.

केंटकीतला एक गडी १९४९ साली डेट्रॉइटला येतो आणि कॅडिलॅक या महागड्या, ऐटबाज मोटारीच्या जुळणीच्या लाइनवर लागतो. दुसऱ्या महायुद्धानंतर त्या डोंगराळ, कोळशाच्या खाणींच्या मुलखातून कितीतरी माणसं अशीच मोटारींच्या कारखान्यांत आली. हा चाकं बसवतो. डोळ्यांसमोरून दिवसभर कॅडिलॅक सरकत जातात आणि आपल्याला कधी एक मिळायची नाही म्हणून त्याला मधूनच रडू येतं. मग तो एकेक भाग घरी न्यायला लागतो. नट-बोल्टसारखं बारीक सामान जेवणाच्या डब्यातून, मोठं सामान मित्राच्या घराएवढ्या गाडीतून. कित्येक वर्षांनी दोघं जुळवायला बसतात, तर गिअरबॉक्स १९५३चा, इंजिन १९७३चं, आणि बोल्टची भोकं समोरासमोर येतच नाहीत.

इथे सगळे हसतात. मी पिंपरी-चिंचवडकडे २२ वर्षं लाइनवर दरवाजे बसवले. बोल्ट आधी हाताने दोन आटे फिरवून बघायचा, सरळ धरला की मगच बोल्ट आवळायची गन लावायची. नवीन मॉडेल आलं की पहिले काही दिवस बोटं जुन्याच जागी जायची. त्यामुळे ती न जुळणारी भोकं ऐकली की माझी बोटं आपोआप आवळतात. आणि तो डबा! सुटताना गेटवर आम्ही रोज डब्याचं झाकण उघडून दाखवायचो. आत पोळीचा तुकडा असायचा. ते मला कधीच सवयीचं झालं नाही.

लोक याला चोराचं गमतीचं गाणं म्हणतात. मला ते मुळीच पटत नाही. टोला आहे तो दरवर्षी नवं मॉडेल काढण्याच्या धंद्यावर. कॅडिलॅक बनवणाऱ्या जनरल मोटर्सने ही रीत १९२०च्या दशकात, कंपनीचा प्रमुख आल्फ्रेड स्लोनच्या कारकिर्दीत रुजवली. गेल्या वर्षीची गाडी उत्तम चालत असली, तरी मालकाला ती जुनी वाटली पाहिजे. कॅडिलॅकला मागच्या दोन्ही कोपऱ्यांवर शोभेचे उभे पंख फुटले ते १९४८च्या मॉडेलला, लॉकहीड पी-३८ या लढाऊ विमानावरून. १९५९च्या मॉडेलला ते सगळ्यात उंच झाले आणि पुढच्या काही वर्षांत गेलेच. पुढचे दिवे दोनाचे चार झाले. गाण्यातल्या गाडीला म्हणूनच डाव्या बाजूला दोन दिवे, उजव्या बाजूला एक आणि मागे एकुलता एक पंख. सरकारी कचेरीत तिच्या मालकीचे कागद टाइप करायला सगळे कारकून बसवावे लागतात, आणि त्या कागदांचं वजन भरतं ६० पौंड, म्हणजे २७ किलो!

पण बटण ओढलं की तिन्ही दिवे लागतात. गाण्यातली माझी सगळ्यात लाडकी जागा ही. वेगवेगळ्या सालांचं सामान, रात्री घरी बसून जोडलेलं, आणि तरी तिन्ही लागतात. ज्याने हाताने काम केलंय त्याला विचारा, त्या क्षणाला काय वाटतं ते.

त्याची बायको बाहेर येऊन साशंकपणे बघते, पण दार उघडते आणि म्हणते, मला एक चक्कर मारून आण. गाव हसत असतं तेव्हा ती गाडीतच असते.

आमच्या लाइनवरची गाडी मला घेता आली ती रिटायर झाल्यावर, सेकंडहँड. हिने शेजारी बसून दार ओढून घेतलं. ते मी बसवलेलं होतं की दुसऱ्या शिफ्टने, कोण जाणे. मी तिला म्हटलं, पुन्हा एकदा लाव. मला तो आवाज ऐकायचा होता.