अ‍ॅटलिनचं एक मत

ऑक्टोबर २०२४मध्ये इथे कॅनडात ब्रिटिश कोलंबियाची प्रांतिक निवडणूक झाली. नागरिकत्व मिळाल्यावरची माझी ही पहिलीच निवडणूक, आणि मी मत दिलं नाही. त्यानंतरच्या सोमवारी शाळेच्या स्वयंपाकघरात आम्ही दोघी ओव्हनचे मोठे पत्रे घासत होतो. माझ्यासोबत काम करणाऱ्या बाई निस्गा, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांपैकी एका समाजाच्या आहेत, पासष्टीच्या. मनातल्या मनात मी त्यांना आत्याच म्हणते. त्यांनी सहज विचारलं, मत दिलंस ना? मी म्हटलं, राहून गेलं. त्यांनी नळ बंद केला. रागावल्या नाहीत. हात पुसत एवढंच म्हणाल्या, १९७९ला माझंही राहून गेलं होतं.

तेव्हा त्या एकोणीस वर्षांच्या होत्या, नुकत्याच मतदार झालेल्या. कडेवर सहा महिन्यांचं मूल, त्याला रात्रभर ताप. मतदारसंघ अ‍ॅटलिन. तो आता नकाशावर नाही. १० मे १९७९ला तिथला निकाल एका मताने लागला. हरले ते फ्रँक कॉल्डर, त्यांच्याच निस्गा समाजाचे.

ही गोष्ट ऐकल्यापासून मी अ‍ॅटलिनचंच वाचते आहे. नकाशावर प्रांताचा डावीकडचा वरचा कोपरा बघा, अलास्का आणि युकॉनला टेकलेला, तो सगळा अ‍ॅटलिन. १८९८च्या सोन्याच्या लाटेत वसलेलं अ‍ॅटलिन गाव मोठ्या तळ्याच्या काठी आहे, आणि आजही तिथे गाडीने जायचं तर आधी युकॉनमध्ये शिरून मग खाली यावं लागतं. दुसऱ्या टोकाला स्टुअर्ट बंदर. कॅसियार हे ॲस्बेस्टॉसच्या खाणीचं गाव, १९९२ साली खाण बंद पडली आणि गावच उठलं. आणि नास नदीचं खोरं, निस्गांचं. १९०३पासून १९८६पर्यंत या सगळ्या मुलखाचा मिळून प्रांताच्या राजधानीत, व्हिक्टोरियाच्या विधिमंडळात, एक आमदार होता. मतं थोडी, अंतरं अफाट. आपल्याकडे दोन किलोमीटरच्या आत केंद्र पाहिजे असा दंडक आहे आणि गीरच्या जंगलात एका मतदारासाठी केंद्र थाटतात, हे मी आत्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी मला ते दोनदा सांगायला लावलं. मला फार बरं वाटलं.

इथे अभिमानाची आणखी एक गोष्ट लिहितेच. या प्रांतात मूळ रहिवाशांना प्रांतिक मताचा हक्क मिळाला १९४९ साली. देशाच्या निवडणुकीत मत देता येऊ लागलं ते १९६०मध्ये. त्याआधी बहुतेकांपुढे अट होती: मत हवं तर ‘इंडियन’ म्हणून कायद्यात असलेली ओळख सोडा. आणि आपण? १९५१-५२च्या पहिल्याच निवडणुकीत, शाळा न पाहिलेल्या माणसासकट प्रत्येक सज्ञान माणसाला मत. कॅनडा म्हणजे सगळ्यात पुढे, असं आपल्याकडे घरोघरी मानतात. या एका बाबतीत ते मागे होते, आपण पुढे होतो.

आपली माणसंही या रांगेत होती. १९०७ साली या प्रांताने कायदा करून हिंदुस्थानातून आलेल्यांचं मत काढून घेतलं. लाकडाच्या गिरण्यांत राबणारे, कर भरणारे लोक चाळीस वर्षं मताशिवाय राहिले. हक्क परत मिळाला १९४७ला. दोन वर्षांनी निस्गांना मिळाला आणि त्याच वर्षी, जून १९४९मध्ये, अ‍ॅटलिनने तेहतीस वर्षांच्या फ्रँक कॉल्डरना निवडून दिलं. कायद्यात ‘इंडियन’ अशी ओळख असलेल्यांपैकी कॅनडाच्या कुठल्याही विधिमंडळात निवडून गेलेले ते पहिले. आपलं संविधान स्वीकारलं गेलं त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात. या तारखा मी एका कागदावर एकाखाली एक लिहून फ्रिजवर लावल्या आहेत.

कॉल्डर १९५६ची निवडणूक हरले, १९६०ला परत आले, १९७२ला मंत्री झाले, वर्षभरात मंत्रिपद गेलं, १९७५ला पक्ष बदलूनही अ‍ॅटलिन जिंकले. पण त्यांचं खरं काम विधिमंडळाबाहेरचं. १८८७ साली निस्गांचे प्रमुख जमिनीचा प्रश्न घेऊन व्हिक्टोरियाला गेले, तेव्हा त्यांना परत पाठवलं होतं. पुढे १९२७पासून १९५१पर्यंत जमिनीच्या दाव्यासाठी वर्गणी जमवणं हाच गुन्हा होता! ती बंदी उठल्यावर १९५५मध्ये कॉल्डरांच्या पुढाकाराने निस्गांची परिषद उभी राहिली आणि १९६७ला ते कोर्टात गेले. १९७३ला सर्वोच्च न्यायालयात हरले. हरले, पण सातपैकी सहा न्यायाधीशांनी मान्य केलं की गोरे येण्याआधीपासून या जमिनीवर यांचा हक्क होता. तो हक्क अजून उरला आहे का, यावर तीन विरुद्ध तीन. सातव्याने तांत्रिक मुद्द्यावर दावा फेटाळला. तरीही सरकारला त्याच वर्षी बोलणी करायची तयारी दाखवावी लागली. करार अमलात आला २००० साली. सुमारे दोन हजार चौरस किलोमीटर जमीन, स्वतःचं सरकार. १८८७ ते २०००, एकशे तेरा वर्षं. आमच्या टेरेस गावातून नासच्या खोऱ्यात जाणाऱ्या रस्त्याचा क्रमांकच ११३ आहे. त्या रस्त्याने मी कितीदा गेले असेन, दोन्ही बाजूंचा काळा थिजलेला लाव्हा बघत. पण हा आकडा काय आहे, हे मला ठाऊक नव्हतं.

असा माणूस एका मताने हरला. आणि त्या दिवशी त्यांनी स्वतः मत दिलं नव्हतं, त्यांच्या बायकोनेही नाही. राजस्थानात २००८ला नाथद्वाऱ्याला एका मताने निकाल लागला होता तो तुम्हाला आठवत असेल. पण आत्यांच्या मनात कॉल्डरांचं न दिलेलं मत नाहीच. त्यांच्या मनात त्यांचं स्वतःचंच आहे. मूल आईजवळ ठेवून दहा मिनिटं जाता आलं असतं, असं त्या अजून म्हणतात. त्या मुलाला आता नातवंडं व्हायची वेळ आली आहे.

मतदारसंघ कागदावरून गेला तरी माणसांच्या तोंडी राहतो, हे मला कळतं. मी राजापूरची. आमचा राजापूर लोकसभा मतदारसंघ २००८च्या पुनर्रचनेत संपला. पण बाबांसाठी तो अजून आहे. नाथ पैंची सभा त्यांनी शाळकरी वयात बापूकाकांच्या खांद्याला धरून, उभ्याने ऐकली. पहिलं मत १९७७ला मधू दंडवत्यांना दिलं. रत्नागिरी-सिंधुदुर्ग असं ते कधीच म्हणत नाहीत.

आणि मला आता तिथेही मत नाही. परदेशस्थ नागरिकाच्या कार्डावर बरंच काही मिळतं, मत मिळत नाही. मागच्या मे महिन्यात घरी आले तेव्हा मी सरकारवर काही बोलले, तर काका म्हणाले, तू आता बोलायचं नाहीस, तू पासपोर्ट बदललास. मला ते फार लागलं. मी पासपोर्ट बदलला तो आईच्या आजारपणात लागेल तितकं गावी राहता यावं म्हणून. इथल्या कायम रहिवाशाला पाच वर्षांत सातशेतीस दिवस इथे काढावेच लागतात, नागरिकाला ती अट नाही. हे मी काकांना समजावलं, तुम्हालाही सांगते आहे. पण मग जे मत मिळालं ते का वापरलं नाही, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. केंद्रं आगाऊ सहा दिवस उघडी होती. प्रांतात कुठल्याही केंद्रावर जाऊन मत देता येत होतं. कामाची वेळ हे कारण मी आत्यांना दिलं, तेव्हा आमची कामाची वेळ एकच आहे हे माझ्या लक्षात आलं नाही. त्या पहिल्याच दिवशी देऊन आल्या होत्या.

पुढे निकाल लागता लागता सगळा प्रांत सरे-गिल्डफर्ड या एका जागेकडे डोळे लावून बसला. फेरमोजणीत तिथे बावीस मतांचा फरक निघाला आणि त्या एका जागेवर सरकारला ९३पैकी ४७ जागांचं बहुमत मिळालं. आत्या त्या दिवशी काही बोलल्या नाहीत. मला एक छोटी बरणी दिली. ऊलिकन माशाचं तूपच म्हणायचं: खड्ड्यात मुरवून, उकळून वर आलेलं, साजूक तुपासारखं पांढरं थिजलेलं. हिवाळ्याच्या शेवटी घरातलं सगळं संपतं तेव्हा नासमध्ये पहिला येतो तो हा मासा. झाकण उघडलं आणि बांगडे वाळत घातलेलं आमचं अंगण नाकात शिरलं. उकडलेल्या बटाट्यावर घालून खाल्लं. रडू आलं, ते लिहायला लाजत नाही.

अ‍ॅटलिनची शेवटची निवडणूक १९८६ची. तेव्हाही तिथून निस्गाच निवडून आले, लॅरी गुनो. त्याच निवडणुकीत मो सिहोटा हे देशातल्या प्रांतिक विधिमंडळात गेलेले पहिले भारतीय वंशाचे आमदार ठरले. पुढच्या निवडणुकीपर्यंत सीमा बदलल्या आणि ते नाव गेलं.

एप्रिल २०२५मध्ये देशाची निवडणूक लागली. आगाऊ मतदानाच्या पहिल्या दिवशी, गुड फ्रायडेला, आत्यांना घेऊन मी गेले. पन्नासेक माणसं पुढे होती. पुठ्ठ्याच्या आडोशामागे दोरीला बांधलेली पेन्सिल, गोल खूण, त्यात फुली. बाहेर येऊन गाडीतूनच बाबांना फोन लावला. कोणाला दिलंस हे त्यांनी विचारलं नाही. विचारलं, मतदारसंघाचं नाव काय? मी म्हटलं, स्कीना-बल्कली व्हॅली. नीट सांग म्हणाले. मी अक्षर अक्षर सुटं करून सांगितलं, आणि पलीकडे त्यांनी ते पंचांगाच्या मागे लिहून घेतल्याचा आवाज आला.