कार्ड लागलं नाही

संध्याकाळपासून एकच गोष्ट डोक्यातून जात नाहीये. ईईजीच्या, म्हणजे डोक्याला इलेक्ट्रोड लावून मेंदूच्या विद्युत लहरी नोंदवायच्या खोलीचं दार माझ्या कार्डाने उघडलं नाही. लाल दिवा. पुन्हा लावलं, पुन्हा लाल. शेवटी आतून त्या नव्या विद्यार्थिनीने दार उघडलं. हातात जेलची सिरिंज, मागे खुर्चीत इलेक्ट्रोडची टोपी घालून बसलेला मुलगा. अगदी अदबीने तिने विचारलं, "काही हवं होतं का?" मी म्हटलं, "नाही, चालू दे तुझं," आणि वर ऑफिसात येऊन बसले.

काय हवं होतं मला?

नियमात काही चूक नाही. ज्यांचं नाव चालू प्रोटोकॉलवर, म्हणजे अभ्यासाच्या मंजूर आराखड्यावर आहे त्यांनाच त्या खोलीत प्रवेश. माझा अभ्यास उन्हाळ्यात संपला, नवी यादी झाली, नाव गेलं. माणसं विश्वासाने आपल्या मेंदूच्या नोंदी आपल्या हवाली करतात, तेव्हा दार असं बंदच असायला हवं. बैठकीत हा नियम मीच लावून धरला होता. त्यामुळे कुणावर रागवायलाही जागा नाही, म्हणूनच बहुधा इतकं लागलं.

सकाळी एनआयएचचा, म्हणजे आम्हाला पैसा देणाऱ्या अमेरिकेच्या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेचा वार्षिक अहवाल. मग एमआरआयच्या तासाला काय दर लावायचा यावर लांबलेली बैठक. दुपारी आमच्यातल्या एका तरुण प्राध्यापकाचा आर-ओ-वनचा, म्हणजे एनआयएचच्या स्वतंत्र संशोधन ग्रँटचा अर्ज वाचून काढला, समासात भरपूर लिहिलं. अर्ज चांगला आहे, त्याला मिळेल असं वाटतं. मिळाला की तो सेंटरच्या पैशातून मोकळा होणार. आमचं सेंटर ज्या पैशावर चालतं ती एनआयएचची कोब्रे योजना त्यासाठीच तर आहे. नॉर्थ डकोटासारख्या, एनआयएचचा पैसा कमी पोचणाऱ्या राज्यांत संशोधन उभं राहावं म्हणून २००० साली ती सुरू झाली. पाच-पाच वर्षांचे तीन टप्पे. पहिल्या दोन टप्प्यांत तरुण संशोधकांना पैसा, यंत्रं, आधार द्यायचा आणि ते स्वतःच्या ग्रँटवर उभे राहिले की त्यांच्या जागी नवे घ्यायचे. तिसऱ्यात मुख्यतः सामाईक यंत्रणा टिकवायच्या आणि छोटे पायलट प्रकल्प चालवायचे. माझ्यासारख्या सेंटरच्या डायरेक्टरने स्वतः प्रयोग करत बसावं असं त्यात कुठेच लिहिलेलं नाही. हे मला पहिल्यापासून ठाऊक आहे. पुढचं काय, ते आज नको.

ताईचा फोन येऊन गेला. उचलला नाही. आईच्या मोतीबिंदूचं काय ठरलं ते उद्या विचारायला हवं.

पुन्हा पुन्हा ह्यूबेल आणि वीझल आठवतायत, मेंदूतली दृष्टी शोधणारे ते दोघं शास्त्रज्ञ. १९५८, जॉन्स हॉपकिन्स. मांजराच्या मेंदूतली एक पेशी हाती लागलेली, काचेवरचे ठिपके दाखवून दाखवून थकले, पेशी ढिम्म. मग काच बसवताना तिच्या कडेची पुसट सावली पडद्यावरून सरकली आणि पेशी तडतडायला लागली. तिला ठिपका नको होता, ठरावीक कलाची रेघ हवी होती! १९८१च्या नोबेलची वाट तिथून सुरू झाली. वर्गात मी हे दरवर्षी सांगते आणि भर देते तो पेशीवर. आज मात्र मनात आलं, ते दोघं त्या वेळी त्या खोलीत होते. सावली सरकली तेव्हा कुणी दराच्या बैठकीत नव्हतं.

आणि मला काय बघायचं होतं? काही मोठं नाही. टोपी बसली, जेल भरून झालं, की सिग्नल तपासायला आपण म्हणतो, "डोळे मिटा." क्षणभराने डोक्याच्या मागच्या इलेक्ट्रोडच्या रेघा फुगू लागतात, सेकंदाला दहाएक लाटा, एका लयीत. "उघडा" म्हटलं की पुन्हा बारीक, अस्ताव्यस्त. माणसाचा ईईजी पहिल्यांदा नोंदवणाऱ्या हान्स बर्गरने हे १९२९-३०च्या सुमारास छापलं, पाठ्यपुस्तकात आहे, नवीन काहीही नाही. तरी समोरचं माणूस नुसत्या पापण्या मिटतं आणि पडद्यावर ते दिसतं, याचं मला अजून तेवढंच नवल वाटतं. या नवलापायीच मी या विषयात आले. अहवालात ते कुठल्या रकान्यात भरायचं?

निघताना खालच्या मजल्यावरून गेले. बेसिनपाशी तो मुलगा केस धूत होता. बाहेर उणे वीस. तो तसाच जॅकेट चढवायला लागला तर त्या विद्यार्थिनीने थांबवलं. "मागचे केस ओले आहेत अजून," म्हणाली आणि ड्रायर पुन्हा त्याच्या हातात दिला. जेल मुळाशी राहिलंय का, तेही बघितलं. हे कुठल्या प्रोटोकॉलमध्ये नाही. तिला आमच्या पोस्टडॉकने, म्हणजे पीएचडीनंतर आमच्याकडे काम करणाऱ्या संशोधकाने शिकवलं असणार, आणि तो माझ्याकडे असताना त्याला मी. शाम्पू, टॉवेल, ड्रायर या खर्चावर काट मारली होती तेव्हा मी किती भांडले होते!

मी तिथेच उभी राहून तिच्याशी बोलले. गुरुवारी तिच्याकडे एकामागोमाग एक माणसं येणार आहेत आणि टोपी घालायला दुसरे हात नाहीत. म्हटलं, माझं नाव घालशील का तुझ्या प्रोटोकॉलवर? मदतनीस म्हणून. आधी चकित झाली, मग खुलली, आणि लगेच म्हणाली, दुरुस्ती मंजूर व्हायला वेळ लागेल, या गुरुवारी नाही जमायचं. अगदी बरोबर बोलली. मलाही माणसांवरच्या संशोधनाच्या नियमांच्या ट्रेनिंगचे धडे पुन्हा करावे लागतील. पहिला आत्ताच उघडून ठेवलाय.