तुम्ही विचारलंत म्हणून: घोड्यासाठी कमी पैशात टिकणारं ब्रायडल

राइडिंग शिकणाऱ्या मुलांचे आईबाप विचारतात, रेसमधून निवृत्त झालेला थरोब्रेड हौसेने घरी आणलेले लोक विचारतात, मधूनच एखादा फार्महाऊसवालाही विचारतो. प्रश्न एकच असतो, ब्रायडलचा, म्हणजे घोड्याच्या डोक्यावर चढवायच्या पट्ट्यांच्या साजाचा: "ताई, फार महाग नको, पण टिकेल असं इंग्लिश ब्रायडल कोणतं घेऊ?" पाठोपाठ मोबाइलवर फोटो येतो. त्यात हमखास कपाळपट्टीवर चमचमणारे खडे असतात.

म्हणून आधी त्या कपाळपट्टीचंच सांगते. अख्ख्या ब्रायडलमध्ये सगळ्यात कमी काम तिला असतं. हेडपीस, म्हणजे कानांमागून डोक्यावरून जाणारा पट्टा, मागे मानेकडे सरकू नये एवढंच ती बघते. कपाळपट्टी तुटल्यामुळे कुणी पडलेलं मी अजून ऐकलेलं नाही. खरा भार असतो तो घोड्याच्या तोंडातल्या धातूच्या दांडीवर, म्हणजे बिटवर, बिट धरून ठेवणाऱ्या गालपट्ट्यांवर, त्यांना पेलणाऱ्या हेडपीसवर आणि तुमच्या हातातल्या लगामावर. ब्रायडल दिसतं कपाळापाशी आणि तुटतं बिटपाशी. दुकानदाराला हे पक्कं ठाऊक असतं, म्हणून तो खडे कपाळावर लावतो.

बिटच्या कड्यांभोवती चामडं चार जागी दुमडलेलं असतं: दोन गालपट्ट्यांची टोकं आणि दोन लगामाची. त्या दुमडीत कडी सतत फिरते, घोड्याची लाळ झिरपते, वरून घाम आणि रिंगणातली माती बसते. बाहेरून पट्टा नवा दिसत असतो आणि आतून तो कुजलेला असतो. तेव्हा दुकानात गेलात की पहिली गोष्ट, ही चारही टोकं सोडायला लावा आणि उलटून बघा. दुकानदार कुरकुरेल, कुरकुरू दे.

ही टोकं दोन तऱ्हांनी अडकवतात, बाहेर दिसणाऱ्या बकलने किंवा आतून लपलेल्या हुकाच्या खुंटीने. इंग्लिश ब्रायडलला खुंटी जास्त शोभते, म्हणून बहुतेक तीच असते. चामडं चांगलं असेल तर खुंटी वर्षानुवर्षं चालते. हलकं असेल तर खुंटीची चीर थोड्याच दिवसांत लांबते आणि एके दिवशी ऐन कँटरमध्ये, म्हणजे घोडा दौडत असताना, खुंटी निसटते. चीर बोटाने ताणून बघा. कडा लगेच पसरल्या, आतून लव निघाली, तर ते ब्रायडल परत खुंटीला टांगा.

आता चामडं. चांगल्या ब्रायडलचं चामडं झाडाच्या सालीत कमावलेलं असतं आणि नंतर त्यात मेण आणि चरबी मुरवलेली असते. त्यामुळे ते दाट, जड आणि थोडं ताठ लागतं. नवं असताना ताठ असणं हा गुणच आहे. हातात घेताक्षणी लोण्यासारखं मऊ लागलं तर मला शंका येते. गुळगुळीत बाजू आत ठेवून पट्टा वाकवा. बारीक, एकसारख्या सुरकुत्या पडल्या आणि सोडल्यावर गेल्या तर ठीक. कागदासारखी फुगीर सुरकुती उभी राहिली तर ते चामडं पोटाकडचं, सैल विणीचं आहे. ते ताणलं जाणार. मग कडा बघा. कडेला नुसता जाड रंग फासला असेल तर पट्टा जरा मुडपल्यावर तो तडकतो आणि आतलं खरं रूप दिसतं. शेवटी पांढरा रुमाल ओला करून घासा. थोडा रंग कुठलंही नवं चामडं सोडतं, पण रुमाल काळाकुट्ट झाला तर तुमच्या पांढऱ्या घोड्याचे गालही तसेच होतील. नाकाचाही उपयोग करा. अस्सल कोल्हापुरी चप्पल साल-हिरड्यात कमावलेल्या चामड्याची असते. तो वास ज्याला माहीत आहे, त्याला चामडं आणि प्लास्टिकचा थर यांतला फरक शिकवावा लागत नाही.

हल्ली हेडपीस आणि नाकपट्टा आतून गुबगुबीत करतात. घोड्याला आराम मिळतो म्हणे. चांगल्या कारागिराने केलेला असेल तर मिळतोही. पण स्वस्तातल्या ब्रायडलमध्ये तो स्पंज घाम पितो, वरचं पातळ अस्तर सोलवटतं आणि मुख्य म्हणजे खालच्या पट्ट्यात काय माल वापरलाय ते कळत नाही. बजेट कमी असेल तर साधं, सपाट, न गुबगुबवलेलं घ्या. तेवढ्याच पैशात चामडं बरं मिळतं. नाकपट्ट्याला खालून लावायचा जादा पट्टाही सुरुवातीला नको. घोडा तोंड उघडतो त्याला बहुतेक वेळा कारण असतं, दात किंवा आपला हात. नाकपट्टा आवळून ते कारण जात नाही. नाकाच्या हाडावर पट्ट्याखाली दोन बोटं सहज गेली पाहिजेत. आंतरराष्ट्रीय घोडेस्वारी महासंघाच्या स्पर्धांत 2025 पासून हे अंतर मोजायला खास साधन वापरतात, कारण प्रत्येकाची बोटं आपापल्या सोयीने बारीक व्हायला लागली होती.

शिवण बघताना इंचाला टाके मोजा. आठ-दहा असले तर चांगलं, सहाच्या खाली असतील तर घाईचं काम. दोरा चामड्याच्या वर उभा राहिलेला नको, किंचित रुतलेला हवा, म्हणजे घासून तुटत नाही.

बकलांसाठी खिशात छोटं चुंबक ठेवा. मुलामा दिलेलं लोखंड लगेच चिकटतं, आणि असलं बकल पहिल्या पावसाळ्यात गंजतं. भरीव पितळ चिकटत नाही, बकलांना वापरतात ते स्टेनलेस स्टीलही बहुतेक चिकटत नाही. फक्त एक चोर यातून सुटतो, ओतीव जस्ताचं बकल. तेही चिकटत नाही, पण हलकं असतं आणि वाकायच्या ऐवजी कडकन तुटतं. बकलाची जीभ बोटाने हलवून बघा. तिथेच ते ढिलं लागतं.

"इंग्लिश" म्हटलं की इंग्लंडचंच घ्यावं का, हा पुढचा प्रश्न. इंग्लंडमध्ये या कामाचं माहेर म्हणजे वॉल्सॉल. तिथल्या फुटबॉल क्लबचं टोपणनावच "सॅडलर्स" आहे. तिथलं काम देखणं असतं आणि किंमतही तशीच. पण आपल्या कानपूरमध्ये 1860 च्या दशकात सरकारने लष्करासाठी खोगीर आणि साज बनवायचा कारखाना काढला, तेव्हापासून त्या शहराचा हात या कामावर बसलेला आहे. कानपूरच्या साजाला भौगोलिक मानांकनही आहे. युरोपातल्या नावांखाली विकली जाणारी कितीतरी ब्रायडलं तिथूनच गेलेली असतात. तेव्हा "इम्पोर्टेड" या शब्दाला मी फार भाव देत नाही. कानपुरातही सगळ्या प्रतीचा माल होतो, परदेशी पाठवायचा आणि रस्त्यावर टांगायचा. दोन्हींत फरक वर सांगितलेल्या चार टोकांपाशी दिसतो. विक्रेत्याला एक प्रश्न नक्की विचारा: गालपट्ट्या आणि लगाम सुटे मिळतील का? मिळत असतील तर ते ब्रायडल तुम्हाला दुप्पट काळ पुरेल.

मापं साधारण तीन, पोनी (लहान), कॉब (मधलं) आणि फुल (मोठं). थरोब्रेडला बहुधा फुल लागतं. मारवाडी आणि काठेवाडी घोड्यांचं डोकं पाहून कॉब किंवा फुल ठरवावं, पण त्यांचे कान आत वळलेले असतात, म्हणून कपाळपट्टी कानाच्या मुळाशी टोचत नाही ना ते अंगावर घालूनच बघायचं. गळपट्टा आणि गाल यांच्यामध्ये आडवी चार बोटं बसावीत. सगळी बकलं मधल्या भोकांवर आली तर माप बरोबर.

बिट बहुधा वेगळं घ्यावं लागतं. साधं स्टेनलेस स्टीलचं स्नॅफल, म्हणजे दोन्ही टोकांना कड्या असलेलं सौम्य बिट घ्या, तोंडाच्या रुंदीपेक्षा दोन्ही बाजूंना मिळून सेंटीमीटरभर जास्त. जत्रेत सुंदर नक्षीचे काटेरी बिट दिसतात, ते मनातून काढून टाका. जनावराच्या तोंडाची दैना होते ती होतेच, शिवाय ओझ्याच्या आणि ओढकामाच्या जनावरांसाठीच्या 1965 च्या नियमांनी अणकुचीदार बिटवर बंदीच घातलेली आहे.

लगाम मात्र चामड्याचाच हवा असं नाही. शिकणाऱ्या मुलांसाठी मी जाड सुती पट्ट्याचे, मध्येमध्ये चामड्याच्या पकडी असलेले लगाम सुचवते. स्वस्त असतात, धुता येतात, घामाने निसटत नाहीत. रबर चढवलेले लगाम पावसात पकडीला उत्तम. पुण्याचा रेसचा हंगाम ऐन पावसाळ्यात असतो, तेव्हा इथल्या घोडेवाल्यांना हे वेगळं सांगायला नको. पण रबराखाली चामडं कसं आहे ते दिसत नाही. रबर तडकायला लागलं की लगाम बदलायचा.

आता खरी अडचण, आमच्या मावळातला पाऊस. जूनमध्ये टांगलेलं ब्रायडल ऑगस्टमध्ये हिरवं होतं. म्हणून पावसाळाभर रोज बाहेर पडणाऱ्यांना मी सरळ सिंथेटिक घ्यायला सांगते. पॉलिएस्टरच्या पट्टीवर प्लास्टिकचा थर असतो, नळाखाली धरलं की स्वच्छ. देखणं नाही, पण बुरशी धरत नाही आणि सुकायला वेळ लागत नाही. त्याचा एकच धोका आहे, तो म्हणजे ते तुटत नाही. घोडा कुठे अडकला आणि घाबरून मागे हटला तर चामडं तुटतं आणि घोडा वाचतो. इथे पट्टा टिकतो आणि मान दुखावते. म्हणून सिंथेटिकला निदान एखादा चामड्याचा दुवा असावा.

आणि ब्रायडल घालून घोडा बांधायचाच नाही, चामड्याचं असो की प्लास्टिकचं. दुरुस्तीला माझ्याकडे येणारी बहुतेक ब्रायडलं घोडेस्वारीत तुटलेली नसतात. कुणीतरी चहाला गेलं, लगाम कुंपणाला गुंडाळला, शेजारून ट्रॅक्टर गेला, झालं. बांधायला हॉल्टर असतो, बिट नसलेला साधा मुखपट्टा.

चामड्याचंच घेतलं असेल तर रोज ओल्या फडक्याने घाम आणि लाळ पुसा, आठवड्यातून एकदा सगळं सुटं करून ग्लिसरीनच्या साबणाने स्वच्छ करा. तेल मात्र जपून. आमचे मोतद्दार, म्हणजे घोडे सांभाळणारे, मायेने खोबरेल चोपडतात. त्याने चामडं लिबलिबीत होतं आणि शिवण कुजते. भिजलं तर सावलीत, वाऱ्यावर वाळवा, उन्हात किंवा चुलीजवळ नाही. प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवणं म्हणजे बुरशीला आमंत्रण. पांढरी बुरशी दिसली तर पाण्यात थोडं व्हिनेगर घालून बाहेर, मोकळ्यावर पुसा. फक्त एक गंमत लक्षात ठेवा. नव्या, उत्तम प्रतीच्या चामड्यावरही पांढुरकी साय येते. ते आतलं मेण असतं. हाताच्या उबेने चोळलं की ते मुरतं. बुरशी मुरत नाही, वास मारते आणि परत येते.

किंमत? तीनएक हजारांतही ब्रायडल मिळतं आणि तीस हजारांतही. मी मधलं, साधं, नवं घ्यायला सांगते, किंवा क्लबातलं कुणीतरी जपलेलं जुनं. जुनं घेताना बकलांखालचा भाग आणि ती चार टोकं वाकवून बघा. भेगा असल्या तर नको, नुसती शिवण गेली असेल तर घ्या. चपला-पट्टे हाताने शिवणारा चांगला कारागीर तासाभरात ती करून देतो.

मुलीचा पोनी दोन वर्षांनी बदलला तर काय, असं आईबाप हमखास विचारतात. पोनीचं ब्रायडल ताणून कॉबला होत नाही, लगामही आखूड पडतो. विकून टाका. नीट ठेवलेल्या पोनी ब्रायडलला गिऱ्हाईक शोधावं लागत नाही, आमच्या राइडिंगच्या ग्रुपवर सकाळी फोटो टाकलात तर दुपारपर्यंत फोन येतो.