तुम्ही विचारलंत म्हणून : एलिक्सर सोडून जावा का?

सोलापुरातली अभियांत्रिकीची मुले भेटली, की एक प्रश्न हमखास विचारतात : "सर, तुम्हाला एलिक्सर एवढी आवडते, मग दिवसभर जावा का लिहिता?" एलिक्सर आणि जावा या दोन्ही प्रोग्रामिंगच्या भाषा. विचारण्यात थोडी कीवही असते, आणि ती अगदीच अनाठायी आहे असे मी म्हणणार नाही.

याचे उत्तर मोहोळ तालुक्यातल्या एका शाळेपासून सुरू होते. माझी पत्नी तिथे शिक्षिका आहे. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांचा संवर्ग जिल्ह्यापुरता असतो. आंतरजिल्हा बदली मिळालीच, तरी नव्या जिल्ह्यात सेवाज्येष्ठतेच्या यादीत तळाशी जावे लागते. मला एलिक्सरचे काम मिळाले होते ते तर बंगळुरूला, म्हणजे दुसऱ्याच राज्यात, जिथे बदलीचा विषयच निघत नाही. दोन वर्षे मी शुक्रवारी रात्री उद्यान एक्सप्रेसमध्ये बसत होतो आणि रविवारी परतत होतो. घरी आलो की मुलगी आधी माझी बॅग पाहायची. बॅग दाराशीच ठेवलेली दिसली, तर ती माझ्याजवळ यायची नाही.

एलिक्सरची आवड वरवरची नव्हती. एलिक्सर ज्या अरलँग या जुन्या भाषेच्या पायावर उभी आहे, तिचे काम एरिक्सन कंपनीत 1986 मध्ये टेलिफोन एक्स्चेंजसाठी सुरू झाले. तिथे एक कॉल बिघडला म्हणून बाकीचे कॉल तुटून चालत नसे. म्हणून प्रत्येक काम स्वतःची स्मृती घेऊन वेगळ्या, हलक्या प्रक्रियेत चालते, आणि ती प्रक्रिया कोसळली तर तिच्यावर नेमलेली पर्यवेक्षक प्रक्रिया तिला पुन्हा उभी करते. या विचारसरणीची एकदा सवय झाली, की जावातले प्रत्येक ट्राय-कॅच, म्हणजे चूक झाली तर ती तिथेच पकडण्याची सोय, ठिगळासारखे दिसू लागते.

पण भाषा विरळ असली की तिच्या नोकऱ्याही मोजक्या शहरांत आणि मोजक्या कंपन्यांत सापडतात, हे त्या आवडीच्या भरात मी हिशेबातच धरले नव्हते. जावाची गरज बँकांना आहे, विम्याला आहे, सरकारी कंत्राटांनाही आहे. म्हणूनच महिन्यातून एकदा पुण्याला येण्याच्या अटीवर घरून काम करू देणारी कंपनी मला चार महिन्यांत मिळाली. त्या एका दिवशी पहाटे हुतात्मा एक्सप्रेस पकडली, की रात्री जेवायला घरी असतो.

मधल्या काळात जावाही बदलली. सप्टेंबर 2023 मध्ये आलेल्या जावा 21 मध्ये हलके आभासी थ्रेड, म्हणजे एकाच वेळी असंख्य कामे चालवू देणारे धागे, कायमचे दाखल झाले, आणि अरलँगकडे कित्येक वर्षांपासून असलेले काहीतरी माझ्यापर्यंत सोलापुरात येऊन पोचले. पर्यवेक्षक मात्र आले नाहीत, आणि त्यांची उणीव मला रोज जाणवते. आमच्या घरात तेलुगू, बाजारात मराठी आणि शेजारी कन्नड बोलली जाते. यांतली कोणती आवडते, असे आजीला कधी कुणी विचारले नाही. मला मात्र विचारतात, आणि माझे उत्तर अजूनही एलिक्सर हेच आहे.

आमच्या भागात नळाला पाणी काही दिवसांआड येते, तेही कधी रात्री-अपरात्री. पाणी आले की इमारतीतल्या सगळ्या घरांना निरोप धाडणारा एक छोटा प्रोग्राम मी रविवारी बसून लिहिला, तो एलिक्सरमध्ये. मध्यरात्री तो कोसळला, तर पर्यवेक्षक त्याला उठवतो. मी झोपलेलाच असतो.